अर्ध्या नॉबचा स्टॅगर

टेक लॉगमध्ये, म्हणजे वैमानिक विमानाच्या तक्रारी लिहितात त्या वहीत, एकच ओळ होती: ‘क्रूझला थ्रॉटल स्टॅगर, दोन नंबर अर्धा नॉब पुढे.’ क्रूझ म्हणजे उंची गाठल्यावरचं सरळ उड्डाण. खाली कॅप्टनची सही, नेहमीसारखीच वाचता न येणारी.

१९८८ चा डिसेंबर. सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाकडचं, कलिन्याच्या बाजूचं हँगर, रात्रपाळी. विमानदुरुस्तीचं लायसन्स हातात पडून मला जेमतेम आठ महिने झाले होते. विमान बोइंग ७३७-२००, पहाटे साडेपाचला लाइनवर द्यायचं. शेजारच्या विमानाचं लँडिंग गिअर उतरवलेलं होतं आणि निम्मी माणसं तिथे अडकली होती, म्हणून हा स्नॅग, म्हणजे ही तक्रार, माझ्या वाट्याला आला. चार्ज देणारा जाता जाता म्हणाला, “किरकोळ आहे. केबल बघ, नाहीतर ट्रिम कर आणि मोकळा हो.” मलाही किरकोळच वाटला.

स्टॅगर म्हणजे काय ते आधी सांगतो. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मधे दोन थ्रॉटल असतात, शेजारी शेजारी. डावा एक नंबर इंजिनाचा, उजवा दोन नंबरचा. वैमानिक तळवा दोन्ही नॉबवर पसरून दोन्ही एकदम ढकलतो, एकदम ओढतो. दोन्ही इंजिनांचा रेटा सारखा केल्यावर नॉबही एका रेषेत असावेत अशी अपेक्षा असते. एक पुढे आणि एक मागे राहिला तर तो स्टॅगर. मोजायला पट्टी वगैरे कोणी काढत नाही, नॉबच माप: पाव नॉब, अर्धा नॉब, एक नॉब. पाव नॉबाकडे बहुतेक कॅप्टन काणाडोळा करायचे. अर्धा झाला की लिहायचे. त्यांचंही बरोबर होतं. उतरताना दोन्ही थ्रॉटल एकदम मागे ओढावेत, तर एक इंजिन आधी आयडलला, म्हणजे सगळ्यात मंद चालीला, पोचतं, दुसरं अजून रेटतंच असतं, आणि नेमकं चाकं टेकायच्या वेळी नाक एका बाजूला जातं.

रेटा मात्र थेट मोजता येत नाही. पंखाखाली टांगलेल्या इंजिनाला कोणी वजनकाटा लावत नाही. त्या विमानाच्या जेटी८डी इंजिनांना त्यासाठी ईपीआर नावाचा काटा होता. इंजिनाच्या तोंडाशी शिरणाऱ्या हवेचा दाब आणि टर्बाइनच्या मागून निघणाऱ्या वायूचा दाब, यांचं गुणोत्तर. पुढच्या दाबाला पीटी-२ म्हणतात, मागच्याला पीटी-७. मागचा दाब पुढच्याच्या दुप्पट झाला की काटा २.०० दाखवतो. टेक-ऑफला आकडा दोनच्याच आसपास असतो. वैमानिक थ्रॉटल सरकवतो ते या काट्याकडे बघत. दोन्ही ईपीआर सारखे झाले की रेटा जुळला असं मानायचं. ‘मानायचं’ हा शब्द मी आज लिहितोय. तेव्हा ‘जुळला’ एवढंच म्हणायचो.

थ्रॉटलपासून इंजिनापर्यंतचा रस्ता लांबचा. नॉब हलला की खाली ड्रम फिरतो, त्याला पोलादी केबलची जोडी. ती केबिनच्या फरशीखालून पुलींवरून मागे जाते, पंखात वळते, तिथून इंजिनाकडे उतरते आणि शेवटी एफसीयूचा लिव्हर हलवते. एफसीयू म्हणजे इंधन किती सोडायचं ते ठरवणारा धातूचा ठोकळा, आत स्प्रिंगा, कॅम आणि झडपा. थ्रॉटलचा कोन, मागच्या कम्प्रेसरच्या शाफ्टचे फेरे, कम्प्रेसरमागचा दाब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एवढ्या चार गोष्टी बघून तो हिशेब करतो. विजेचा संबंध नाही. पहिल्यांदा उघडलेला बघितला तेव्हा मला आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाची आठवण झाली होती, फक्त याच्या पोटातून रॉकेलच्या भावंडाचा वास येत होता.

तर मी केबलपासून सुरुवात केली. टेन्शनमीटर घेतला, तापमानाचा तक्ता घेतला. तक्ता लागतोच, कारण विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं आणि केबल पोलादाची. उन्हात अंग जास्त ताणतं आणि केबल घट्ट होते, थंडीत उलट. दिवसभर उन्हात तापलेलं विमान हँगरमध्ये आणल्या आणल्या टेन्शन घेतलं तर आकडा खोटा येतो, दोन-तीन तास थांबावं लागतं. मी थांबलो. दोन नंबरची केबल किंचित सैल निघाली, मर्यादेच्या आतच, पण खालच्या टोकाला. टर्नबकल थोडा फिरवून मधोमध आणली, यंत्रणा नेमक्या जागी आहे का ते दाखवणारी रिग पिन घालून बघितली, पिन न अडता शिरली. स्प्रिंग काट्यानं दोन्ही थ्रॉटल ओढून बघितले, किती जोर लागतो ते. दोन्हीकडे सारखाच.

ही जोर मोजायची पायरी पुष्कळ जण उरकायची म्हणून उरकतात. २०२१ च्या ९ जानेवारीला जकार्ताहून निघालेलं ७३७-५०० जावा समुद्रात पडलं, ६२ माणसं गेली. इंडोनेशियाच्या तपास समितीच्या अहवालात कारणांत हेच होतं: उजव्या थ्रॉटलच्या यंत्रणेत कुठेतरी घर्षण होतं किंवा अडत होतं, थ्रॉटल आपोआप हलवणाऱ्या ऑटोथ्रॉटलला तो मागे आणता आला नाही, म्हणून डावा एकटाच मागे मागे जात राहिला. दोन नॉबांमधलं अंतर वाढत गेलं, ते कोणाच्या वेळेत लक्षात आलं नाही. अर्ध्या नॉबवर चिडून लिहिणाऱ्या कॅप्टनला मी आता मनातल्या मनात नमस्कार करतो.

त्या रात्री मात्र नमस्कार नव्हता, घाई होती. दीड वाजता विमान रन-अपच्या, म्हणजे इंजिन जमिनीवर चालवून बघायच्या, जागेवर ओढून नेलं. चाकांना चोक, हेडसेटची वायर नाकाखाली लावलेली, कॉकपिटमध्ये ग्राउंड रनची परवानगी असलेला आमचा एक इंजिनिअर, खाली मी आणि एक टेक्निशियन. आयडलला दोन्ही नॉब एका रेषेत. वर नेत गेलो तसा दोन नंबर पुढे सरकायला लागला. दीडच्या ईपीआरला पाव नॉब, पुढे अर्धा.

इथे मी खूश झालो. केबलची चूक असती तर फरक खालपासून वरपर्यंत साधारण सारखा राहिला असता. खाली जुळतं आणि वर फाटतं म्हणजे दोष केबलमध्ये नाही, तो वरच्या ट्रिममध्ये. शिवाय कागदपत्रांत दिसत होतंच की तीन दिवसांपूर्वी दोन नंबरचा एफसीयू बदललाय. नवा एफसीयू, कच्ची ट्रिम, झालं. स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटण्याचे क्षण त्या नोकरीत थोडे असतात. हा त्यातला एक होता.

ट्रिम म्हणजे एफसीयूवरचे दोन स्क्रू. एक आयडलचा, एक वरच्या टोकाचा. वरच्या टोकाची ट्रिम पूर्ण ताकदीवर करत नाहीत. एफसीयूवर एक पार्ट पॉवर स्टॉप असतो, तो पुढे घेतला की थ्रॉटल त्यावर जाऊन टेकतो. त्या ठरलेल्या कोनात इंजिनानं किती ईपीआर द्यायला हवा ते चार्टातून काढायचं, कमी असेल तर स्क्रू एका बाजूला, जास्त असेल तर दुसऱ्या. चार्टापेक्षा आमचा आकडा ०.०५ नं कमी आला. इंजिन आयडलला आणलं, मी काऊलखाली, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखाली, उकिडवा बसलो. ७३७-२०० चं इंजिन इतकं खाली की मान वाकवूनच काम. स्क्रू थोडा फिरवला, बाजूला झालो, पुन्हा वर. पुन्हा थोडा. एकूण पाऊण फेरा. ईपीआर चार्टाशी जुळला, नॉब नॉबशी जुळले.

हेडसेटवर वरून आकडे आले ते मी कार्डावर लिहून घेतले. एन-१ आणि एन-२ (पुढच्या आणि मागच्या कम्प्रेसरचे फेरे), ईजीटी, फ्युएल फ्लो. दोन नंबरचे सगळेच आकडे एक नंबरपेक्षा वर. ईजीटी, म्हणजे मागच्या वायूचं तापमान, वीसेक अंश जास्त. वरच्यानं विचारलं, “हे चालेल?” मी म्हणालो, “म्हातारं इंजिन आहे, गरम चालणारच.” मर्यादेच्या बरंच आत होतं. मी सही केली. सव्वापाचला विमान गेलं. कँटीनमध्ये चहा आणि उसळपाव खाऊन मी कुर्ल्याला लोकल पकडली आणि डोंबिवलीपर्यंत उभ्या उभ्या झोपलो.

चार दिवस स्टॅगरचा स्नॅग आला नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्याच कॅप्टननं लिहिलं, आणि हे अक्षर सुवाच्य होतं: ‘क्रूझला ईपीआर जुळवल्यावर थ्रॉटल जुळलेले. दोन नंबर ईजीटी जास्त, फ्युएल फ्लो तासाला १५० पाउंड जास्त. सरळ उडण्यासाठी रडर ट्रिम उजवीकडे द्यावा लागतो.’ रडर म्हणजे शेपटीवरचं सुकाणू; ते थोडं वळवून ठेवायचं तो रडर ट्रिम.

तो दिवस आमच्या फोरमनसाहेबांच्या पाळीचा होता. मूळचे राजापूरकडचे, आवाज कधीच न चढवणारे, त्यामुळे जास्त भीती वाटायची. त्यांनी मला बोलावलं, कार्ड समोर ठेवलं.

“एफसीयू कधी बदलला?”

“तुमच्या समोरच आहे साहेब, मी काम केलं त्याच्या तीन दिवस आधी.”

“बदलल्यावर ट्रिम केली होती?”

“हो. चार्टाप्रमाणे. नोंद आहे.”

“मग तीन दिवसांत स्क्रू स्वतःहून फिरला का रे?”

मी गप्प. तो स्क्रू लॉक केलेला असतो. तो स्वतःहून फिरत नाही.

साहेब मला प्लॅनिंगच्या खोलीत घेऊन गेले. त्या काळी प्रत्येक फ्लाइटमध्ये क्रूझ स्थिर झाल्यावर वैमानिक एका फॉर्मवर इंजिनांचे आकडे भरायचे आणि इथे कोणीतरी ते आलेखावर उतरवायचं. कंटाळवाणं काम, मला तर ते कारकुनी वाटायचं. साहेबांनी दोन नंबर इंजिनाचा कागद पसरला आणि ईपीआरच्या रकान्यावर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवली. तो रकाना झाकला गेला. “आता हा काटा विमानात बसवलेलाच नाही असं समज. बाकीचं वाच.”

मी वाचलं. एन-१ ची रेघ महिनाभर सपाट, मग एका दिवशी पायरी चढल्यासारखी वर, पुन्हा सपाट. खाली ईजीटीची रेघ: त्याच दिवशी तशीच पायरी. फ्युएल फ्लो, तीच तारीख, तीच पायरी. एन-२ सुद्धा. आणि ती तारीख मी स्क्रू फिरवण्याच्या आदल्या दिवसाची होती.

“म्हातारं होणारं माणूस एका रात्रीत म्हातारं होतं का?” साहेबांनी विचारलं. टर्बाइन झिजली तर ईजीटी हळूहळू, महिनोन्महिने चढते, आणि चारही आकडे एका चालीत चढत नाहीत. चारही एकदम चढले याचा अर्थ इंजिन खरोखरच जास्त काम करत होतं, कारण वैमानिक त्याच्याकडून जास्त काम करून घेत होते. आणि ते जास्त ढकलत होते, कारण ज्या काट्याकडे बघून ढकलायचं तोच कमी दाखवत होता. चार साक्षीदार एक सांगतायत, पाचवा वेगळं सांगतोय, आणि मी पाचव्याचं ऐकून चौघांना म्हातारं ठरवलं होतं.

आता सगळं उलगडलं. पहिल्या कॅप्टननं ईपीआर जुळवण्यासाठी दोन नंबरचा थ्रॉटल अर्धा नॉब पुढे नेला होता. त्या वेळी दोन नंबरचा खरा रेटा एक नंबरपेक्षा जास्त होता. तो अर्धा नॉब हीच एकमेव दिसणारी खूण होती आणि मी पाऊण फेरा देऊन ती पुसून टाकली. नॉब जुळले, ईपीआर जुळले, रेटा तसाच बेमेळ राहिला. उजवं इंजिन जास्त रेटतंय म्हणून नाक डावीकडे जायचं, म्हणून उजवीकडे रडर ट्रिम. टेक-ऑफला ते इंजिन रोज ठरवलेल्यापेक्षा जास्त ताकदीनं पळत होतं. मर्यादा ओलांडली नव्हती, हे नशीब. थंडीचे दिवस होते. मे महिन्यात, नागपूरला दुपारी, काय झालं असतं ते मला अजूनही हिशेब करून बघायचं नाहीये.

साहेबांनी तेव्हाच वॉशिंग्टनच्या अपघाताचा विषय काढला. १३ जानेवारी १९८२, पडता बर्फ, आमच्याच जातीचं विमान: ७३७-२००, जेटी८डी-९ए इंजिनं. इंजिनाची अँटी-आइस यंत्रणा चालू केली नव्हती, तोंडाशी असलेली पीटी-२ ची नळी बर्फानं बंद झाली. गुणोत्तराचा खालचा आकडा खोटा, म्हणजे कमी, झाला की गुणोत्तर फुगतं. दोन्ही काटे २.०४ दाखवत होते. खरा ईपीआर १.७० च्या आसपास होता. विमान कसंबसं उठलं, पुलावर आदळलं आणि पोटोमॅक नदीत गेलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ गेले. “दोन्ही काटे जुळलेले होते बरं का,” साहेब म्हणाले. “आणि नॉबही.” तिथे काटा जास्त दाखवत होता, आमचा कमी. तिथे दोन्हीकडे सारखाच खोटेपणा, म्हणून स्टॅगरसुद्धा नव्हता. बाकीचे काटे मात्र त्याही विमानात खरं सांगत होते.

त्या रात्री कोणी मला घाई केली नाही. विमान दोन रात्री हँगरमध्ये ठेवायची परवानगी साहेबांनी कशी मिळवली ते मला माहीत नाही. फोनवर ते दहा मिनिटं फक्त “हो”, “नाही”, “नाही” म्हणत होते.

पीटी-७ ची सिस्टिम अशी असते: टर्बाइनच्या मागे, गरम वायूच्या वाटेत, गोल फिरवून बसवलेले सहा प्रोब, म्हणजे दाब टिपणाऱ्या नळ्या. सगळ्यांचा दाब एका मॅनिफोल्डमध्ये येतो, तिथून करंगळीपेक्षा बारीक पोलादी नळी काट्याला आकडा पाठवणाऱ्या ट्रान्समीटरकडे. नळीत कुठेही गळती असली की ट्रान्समीटरला कमी दाब कळतो. आयडलला आत-बाहेर दाबात फारसा फरकच नसतो, त्यामुळे गळून गळणार किती? वर गेलं की दाब वाढतो आणि गळतीही वाढते. खाली जुळतं, वर फाटतं. माझ्या हुशारीचा पुरावा गळतीलाही तंतोतंत लागू होता.

ट्रान्समीटरच्या बाजूनं टेस्ट सेट जोडून नळीत दाब भरला, झडप बंद केली, घड्याळ लावलं. काटा आधी स्थिर वाटला. मग डोळ्यांदेखत खाली यायला लागला, मिनिटकाट्याच्या चालीनं. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मी इंजिनाखाली आडवा झालो. एक एक जोड. पहिला कोरडा, दुसरा, तिसरा. चौथ्या नटाशी फेस लावला आणि टॉर्च धरली. आधी काहीच नाही. मग नटाच्या मागच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच जागी दुसरा. मी श्वास धरून बघत होतो. नटाखाली नळीवर तपकिरी, चहाच्या डागासारखी रेघ होती, बोटभर लांब. ती मी त्या पहिल्या रात्रीही बघितली असणार, कारण एफसीयू तिथून हातभरावर होता.

नट उघडल्यावर नळीच्या फुलवलेल्या टोकाला केसासारखी चीर दिसली. वीतभर पुढे, जिथे नळीला धरणारा क्लॅम्प असायला हवा तिथे क्लॅम्प नव्हता, नुसतं भोक. आधार नसलेली नळी इंजिनाबरोबर थरथरत राहिली आणि टोकाला चिरली. एफसीयू बदलताना तो काढला गेला आणि परत लागला नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. सिद्ध करता आलं नाही. पाळी कोणाची होती तेही इथे लिहीत नाही. क्लॅम्प विसरणाऱ्यानं एक चूक केली, ती झाकणारी दुसरी मी केली, आणि कार्डावर सही माझीच होती.

नवी नळी, नवा क्लॅम्प, पुन्हा दाब. या वेळी काटा हलला नाही. पंधरा मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसलो होतो, गरज पाचचीच असताना.

मग ग्राउंड रन. स्क्रूला अजून हात लावला नव्हता. साहेबांनीच थांबवलं होतं. “आधी बघून घे, तुझा पाऊण फेरा कुठे बसलाय.” दोन्ही ईपीआर जुळवले. दोन नंबरचा नॉब अर्धा मागे. बरोबर तेवढाच, उलट्या बाजूला. एक चूक दुरुस्त झाल्यावर दुसरी उघडी पडली होती. साहेब माझ्याकडे बघून हसले नाहीत, त्याचे मी आजही आभार मानतो.

ट्रिम त्यांनी पहाटे ठेवली. मुंबईत हिवाळ्यात रात्री जमिनीकडून मंद वारा असतो, पहाटे तोही पडतो. विमानाचं नाक वाऱ्याकडे हवं, नाहीतर मागचा गरम वायू फिरून तोंडात येतो आणि आकडे बिघडतात. थर्मामीटर नोज व्हीलच्या कप्प्यात सावलीला टांगला. दाब टॉवरकडून घेताना त्यांनी मुद्दाम विचारलं, समुद्रसपाटीला आणलेला नको, जागेवरचा हवा. मुंबईत विमानतळ समुद्रसपाटीपासून दहा-अकरा मीटर उंचीवर, एखाद-दुसऱ्या मिलीबारचा फरक. “पण हीच सवय घेऊन पुण्याला जाशील,” ते म्हणाले. पुण्याचा विमानतळ ५९० मीटरवर. तिथे हीच गफलत साठ-सत्तर मिलीबारची होते.

एअर कंडिशनिंग बंद, ब्लीड (इंजिनातून काढून घेतली जाणारी हवा) बंद, अँटी-आइस बंद. इंजिन पाच मिनिटं तापू दिलं. स्टॉप पुढे. वर नेलं, आकडे ठरू दिले. जेटी८डी त्या ताकदीवर असताना कानावरच्या मफचा उपयोग मर्यादितच. आवाज छातीतून आत येतो, दात एकमेकांवर वाजल्यासारखे वाटतात. या वेळी वर कॉकपिटमध्ये साहेब स्वतः बसले होते आणि हेडसेटवर ईपीआर सगळ्यात शेवटी सांगत होते. आधी एन-१, मग एन-२, ईजीटी, फ्लो. मग थोडं थांबून ईपीआर.

नव्या जेट विमानांत आता असा स्क्रू राहिलेला नाही. एअरबस ए३२० भारतात १९८९ मध्ये आली, पुढे मीही तिच्यावर गेलो. तिथे थ्रॉटलपासून इंजिनापर्यंत केबलच नाही, नुसत्या वायरी. ऑटोथ्रस्ट चालू असताना लिव्हर एका खाचेत निश्चल उभे आणि इंजिनं आपली आपण वर-खाली. सुरुवातीला तो स्थिर लिव्हर बघून मला चैन पडायचं नाही. तिच्या व्ही२५०० इंजिनाचाही मुख्य काटा ईपीआरच, पण दोन इंजिनांमधला जन्मजात फरक टेस्ट सेलमध्ये मोजून एका छोट्या प्लगमध्ये नोंदवलेला असतो. कंट्रोलचा डबा बदला, प्लग त्याच इंजिनापाशी राहतो. स्टॅगर नावाचा स्नॅगच गेला. ईपीआरवर भरवसा उरला नाही तर संगणक स्वतः एन-१ वर जातो. फोरमनसाहेबांची फूटपट्टी कोणीतरी आत बसवली आहे, असं मी पोरांना शिकवताना म्हणायचो. ती पोरं सभ्यपणे ऐकून घ्यायची.

तर पहाटेचे पाच. आयडल. मी काऊलखाली. स्क्रूच्या आतल्या यंत्रणेला थोडी ढील असते, म्हणून शेवटची हालचाल नेहमी वाढवण्याच्या दिशेनं करायची. नेमकं हवं तिथे वरून खाली येऊन थांबायचं नाही. खाली जाऊन, मग वर यायचं. मी एक फेरा खाली घेतला आणि बाजूला झालो. वर नेलं. कमी आला, यायलाच हवा होता. पुन्हा आयडल. पाव फेरा वर. बाजूला. या वेळी हेडसेटवर आकडे यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा मला लागला असं वाटलं. एन-१ जुळला. एन-२ चालण्यासारखा. ईजीटी तीन अंशांचा फरक. फ्लो जवळजवळ सारखा. ईपीआर चार्टावर. “आणि नॉब?” मी विचारलं. “एका रेषेत. पण ते शेवटी विचारायचं,” वरून उत्तर आलं.

स्टॉप आत गेल्याचं दोनदा बघितलं, स्क्रू लॉक केला, काऊल बंद केलं. केबलचं टेन्शन मी उगीचच हलवलं होतं, ते आहे तिथेच ठेवायचं ठरलं, कारण मधोमध असणं काही वाईट नव्हतं. ऑफिसात साहेबांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “किती फिरवलास ते लिही.” मी लिहिलं: एक फेरा खाली, पाव वर. म्हणजे खाली पाऊण. साहेबांनी त्या पहिल्या रात्रीचं माझं कार्ड शेजारी ठेवलं, त्यावर माझ्याच अक्षरात होतं: पाऊण फेरा वर. दोन्ही कार्डं टाचणीनं एकत्र लावली, खाली सही केली आणि म्हणाले, “जा, चहा घेऊन ये. मलाही सांग एक, साखर कमी.”